जाळीचं पान

फोटोत ताकाच्या रंगाची भिंत,
भिंतीपुढे अरुंद टेबल,
टेबलावर काहीच नाही.
"इथे काहीतरी हवंय," नागपूरहून वहाणे मॅडमचा आवाज,
"शिल्पासारखं, पण शिल्प नको.
देव नको, घोडा नको, नाचणारी माणसं तर नकोच,
ती सगळ्यांकडे असतात.
उंची चौदा इंच."

भट्टीतली राख उकरत इस्तारीकाकानं विचारलं,
"का ठेवतेत त्याच्यात?"
काही नाही.
"मंग कायले व्हय ते?"
पाहाले.
"आन् पाहून झालं का मंग?"

वीजबिलाच्या पाठीवर आठ दिवस रेघोट्या.
मोहाचं फूल काढलं, ते लाडू दिसायला लागलं.
वारूळ काढलं, त्याचं देऊळ झालं.
लाटही काढून पाहिली,
गोंडपिपरीच्या रस्त्यावर बसून, समुद्र न पाहता.

मग सरपणाच्या भाऱ्यात हाताला लागलं
सागाचं पान, अळीनं खाल्लेलं.
हिरवं तेवढं नेलेलं, शिरा तेवढ्या ठेवलेल्या,
आणि वाळता वाळता वळलेलं,
ओंजळ अर्धी मिटावी तसं.
मी चार वर्षं कॉलेजात फॉर्म शिकले.
अळी एक पावसाळा जगली असेल.

वारुळाची माती, शेण, कोंडा: आतला गाभा.
त्यावर मेणाचा दोरा,
फळीच्या भोकातून दाबून काढलेला, शेवयांसारखा.
मधली शीर, तिच्या लेकी,
लेकींच्या लेकी, त्या तर केसाएवढ्या.
"आमी दोरा गुंडाळतो तो अंग झाकाले," काका म्हणाला,
"तू उघडं ठेवाले सांगतं."
तरी ठेवलं. मधेमधे फुंकर मारत,
चष्मा कपाळावर, मान वाकडी.

बाहेरून पुन्हा माती. मेण जाईल
त्या वाटेनं पितळ येईल.
पितळ म्हणजे नळाच्या तोट्या, एक फुटकी घंटा,
कुणाच्या तरी लग्नातलं चेपलेलं तांब्याचं झाकण.

साचा फोडला तर एका कडेला
पितळ पोचलंच नव्हतं.
चार बोटं जागा मोकळी, काठ थिजलेले,
थेंब पडता पडता राहिल्यासारखे.
"हात नसलेला देव आमी परत भट्टीत टाकतो," काका म्हणाला
आणि सांडशी घ्यायला उठला.
मी आधी फोटो काढला.

मिनिटात उत्तर: हेच!!! असेच सहा.

काका दुपारपर्यंत हसला.
मग हसायचा थांबला.
कारण दुसरं ओतलं ते पूर्ण आलं.
तिसऱ्याला पितळ मुद्दाम निववलं, तरी पूर्ण.
चौथ्याला वाट अर्धी बुजवली,
तेही आलं, शीर न शीर,
अगदी देठाच्या गाठीसकट.
चाळीस वर्षांचा हात
सांगून चुकेना.

शेवटी पाच पानं मीच कापली,
ग्राइंडरनं, पाठ फिरवून.
कानशीनं कडा मऊ केल्या, चिंचेनं घासल्या,
काळपट डाग लावला थोडा.
मॅडमना फरक कळला नाही.
काकानं एका कडेवरून अंगठा फिरवला,
काही बोलला नाही,
कोंडा भरून खोकी बांधत बसला.
सुतळीला नेहमीपेक्षा एक गाठ जास्त.

आता सहा ताकाच्या भिंतींपुढे
सहा पानं उभी आहेत.
त्यांच्यात काहीही ठेवत नाहीत.

एक कापायचं राहिलं.
राहिलं म्हणजे मी ठेवलं.
ते काकूला चुलीमागे सापडलं. तिनं उलटून पाहिलं,
बोटांनी वीत मोजली, राखेनं घासलं,
आणि दुधाच्या गंजावर पालथं घातलं.
वाफ निघून जाते. साय जाड धरते.
मांजर रोज येऊन बसतं,
जाळीतून एक नख आत घालून पाहतं,
नखच तेवढं जातं.